प्रवाळ, ऊन आणि तापलेले पाणी : एका शोधाचा इतिहास

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणाऱ्या रस्त्याचे नाव कोपर्निकस मार्ग. मराठी माणसाला तो ठाऊक असतो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे, आणि नाटक-संगीताची आवड असेल तर कमानी सभागृहामुळे. याच रस्त्यावर फरीदकोट हाउस आहे. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ तिथे बसते. या न्यायाधिकरणाचे एक वैशिष्ट्य विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. इथे न्यायाधीशांच्या शेजारी तज्ज्ञ सदस्यही बसतात, म्हणजे कायद्याच्या कलमाइतकेच तापमानाचे आणि खोलीचे आकडेही तिथे बोलले जाणे अपेक्षित असते.

ग्रेट निकोबार बेटावरच्या नियोजित बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि वसाहत प्रकल्पाला दिलेल्या परवानगीविरुद्ध मुंबईच्या कन्झर्वेशन अ‍ॅक्शन ट्रस्टने दाद मागितली होती. ३ एप्रिल २०२३ रोजी न्यायाधिकरणाचे तेव्हाचे अध्यक्ष न्यायमूर्ती आदर्शकुमार गोयल यांच्या अध्यक्षतेखालील विशेष पीठाने त्यावर आदेश दिला. परवानगी रद्द झाली नाही, पण काही त्रुटींकडे बोट दाखवून पीठाने एक उच्चाधिकार समिती नेमली. त्या त्रुटींमध्ये एक साधी वजाबाकी होती. प्रकल्पाच्या जागेत प्रवाळांच्या २०,६६८ वसाहती आहेत, त्यांपैकी १६,१५० दुसरीकडे हलवायच्या आहेत, मग उरलेल्या ४,५१८ वसाहतींच्या धोक्याचे काय, त्याचा उल्लेखच नाही.

वजाबाकी बरोबर आहे आणि प्रश्नही रास्त आहे. पण मला त्या आधीच्या आकड्याबद्दल जास्त कुतूहल वाटते. ज्या १६,१५० वसाहती हलवायच्या, त्यांना नव्या जागी नेमके काय लागेल? तळ घट्ट हवा, पाणी वाहते हवे, हे कोणीही सांगेल. त्यापलीकडे दोन गोष्टी आहेत, प्रकाश आणि तापमान, आणि या दोन सुट्या नाहीत. पाणी तापलेले असताना प्रवाळाला त्याचा नेहमीचाच प्रकाश घातक ठरतो. हे कळायला माणसाला सुमारे अडीचशे वर्षे लागली. या टिपणात तो इतिहास पाहू.

फूल, दगड की प्राणी?

आपल्याकडे पोवळे म्हटले की आधी आठवते ती मंगळाची अंगठी. हे तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. युरोपातून गोव्यामार्गे ते भारतात येई आणि त्याच्या बदल्यात हिरे जात. ते नेमके काय आहे याबद्दल युरोपात मोठा गोंधळ होता. १७०६ साली इटलीच्या मार्सिली यांनी ताज्या पोवळ्याला समुद्राच्या पाण्यात ठेवले, तेव्हा त्यावर पांढरी 'फुले' उमललेली दिसली. म्हणजे ही वनस्पती, असा निष्कर्ष निघाला. मार्सेचे वैद्य झाँ-आंद्रे पेसोनेल यांनी १७२० च्या दशकात तीच फुले पुन्हा पाहिली, त्यांना डिवचले, आणि ती आकसतात हे पाहून सांगितले की ही फुले नव्हेत, प्राणी आहेत. फ्रान्समधले मोठे शास्त्रज्ञ रेओम्यूर यांना हे इतके विचित्र वाटले की अकादमीसमोर ते मांडताना त्यांनी पेसोनेल यांचे नावच घेतले नाही. तरुण माणसाची शोभा होऊ नये म्हणून, असे म्हणतात. पुढे वीसेक वर्षांनी गोड्या पाण्यातल्या हायड्राचे प्रयोग गाजले आणि मग पेसोनेल यांचे म्हणणे मान्य झाले. (हा काळ कान्होजी आंग्र्यांचा. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला समुद्राखाली वीसेक मीटरवर जो प्रवाळांचा विस्तीर्ण उंचवटा आहे, त्याला आज 'आंग्रिया बँक' म्हणतात ते त्यांच्याच नावावरून.)

इथे एक फरक पक्का करून घ्या, कारण परीक्षेत आणि वर्तमानपत्रांत दोन्हीकडे तो चुकतो. अंगठीतले तांबडे पोवळे आणि खडक बांधणारे प्रवाळ हे नातेवाईक आहेत, पण त्यांची राहणी वेगळी. तांबडे पोवळे कपारीत, अंधुक उजेडात वाढते आणि पाण्यातले सूक्ष्म अन्न पकडून जगते. खडक बांधणारे बहुतेक प्रवाळ उथळ, उजेडाच्या पाण्यात वाढतात, कारण त्यांच्या शरीरात भाडेकरू आहेत आणि त्या भाडेकरूंना ऊन लागते.

पिवळ्या पेशी आणि मुंबईचे प्राध्यापक

हे भाडेकरू म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शैवाल. एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखाली समुद्रफूल, रेडिओलेरिया अशा जीवांत 'पिवळ्या पेशी' दिसू लागल्या. त्या प्राण्याच्याच पेशी आहेत की बाहेरून आलेल्या, हा वाद होता. १८८१ साली कार्ल ब्रांट यांनी त्यांना स्वतंत्र शैवाल मानून 'झूझँथेला' हे नाव दिले. त्याच सुमारास एका तरुण स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाने समुद्रफुलांना उन्हात ठेवून त्यांच्यातून निघणारा वायू तपासला. त्यात ऑक्सिजन होता. १८८२ साली त्याने मांडले की ही परजीविता नसून परस्परांच्या फायद्याची भागीदारी आहे. प्राणी शैवालाला कार्बन डायऑक्साइड व आसरा देतो आणि शैवाल प्राण्याला ऑक्सिजन व अन्न.

त्या तरुणाचे नाव पॅट्रिक गेडिस. हे नाव तुम्ही जीवशास्त्रात नव्हे तर नगररचनेच्या पुस्तकात वाचले असेल. मेक्सिकोत असताना काही काळ दृष्टी गेल्यामुळे सूक्ष्मदर्शकाचे काम त्यांना झेपेनासे झाले आणि ते शहरांच्या अभ्यासाकडे वळले. १९१४ साली ते भारतात आले, अनेक गावांच्या रचनेचे अहवाल लिहिले, आणि १९१९ ते १९२४ मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्यानंतर ती जबाबदारी गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये जन्माने मालवणचे. ज्या मालवणच्या किनाऱ्याला पुढे प्रवाळांमुळे नाव मिळाले तिथला विद्यार्थी, आणि प्रवाळाच्या भागीदारीचे कोडे अर्ध्याहून जास्त सोडवलेला गुरू, हे दोघे मुंबईत समोरासमोर बसले आणि बोलणे झाले ते समाजशास्त्राचे. योगायोगाला विज्ञानात किंमत नसते, पण मला हा फार आवडतो.

गेडिस यांचे म्हणणे लगेच रुजले मात्र नाही. १९२८-२९ मध्ये ब्रिटिशांची मोठी मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर लो आइल्स या छोट्या बेटावर वर्षभर तळ ठोकून होती. प्रमुख होते सी. एम. यंग. त्यांनी आणि निकल्स यांनी प्रवाळांना अंधारात ठेवले, उपाशी ठेवले, पाणी तापवले. प्रतिकूल परिस्थितीत प्रवाळ आपले शैवाल बाहेर टाकतात हे त्यांनी स्पष्ट नोंदवले. उन्हाळ्यात उथळ पाण्यात ते प्रत्यक्ष घडतानाही पाहिले. १९३१ चे त्यांचे वर्णन हे उष्णतेमुळे होणाऱ्या विरंजनाचे, म्हणजे ब्लीचिंगचे, पहिले पद्धतशीर वर्णन मानता येईल. पण यंग यांचे ठाम मत होते की प्रवाळ हा मांसाहारी प्राणी आहे, शैवालाकडून त्याला अन्न मिळत नाही, शैवाल फक्त त्याची घाण साफ करते. निरीक्षण उत्तम होते, अर्थ चुकला. १९५० च्या दशकात किरणोत्सारी कार्बन-१४ हाताशी आला, आणि १९५८ साली मस्कटाइन व हँड यांनी समुद्रफुलात तो कार्बन शैवालातून प्राण्याच्या पेशींत जाताना दाखवला. गेडिस बरोबर होते. उजेडात वाढणाऱ्या अनेक प्रवाळांची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज शैवालाकडून भागते, असे पुढच्या मोजमापांतून दिसले.

भारतातही या विषयाचे काम तेव्हा जोरात होते. जानेवारी १९६९ मध्ये तामिळनाडूतल्या मंडपम कँप इथे प्रवाळ व प्रवाळ खडकांवर परिसंवाद झाला. आज जगभर भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रवाळ परिषदांच्या मालिकेतली ती पहिली परिषद मानली जाते.

वीजकेंद्राचे गरम पाणी

आता आमच्या शाखेचा भाग. औष्णिक वीजकेंद्रात वाफ थंड करायला कंडेन्सरमधून पाणी फिरवावे लागते आणि ते गरम होऊन बाहेर पडते. हवाईतल्या ओआहू बेटावर काहे इथल्या वीजकेंद्राचे असे पाणी समुद्रात जात होते. १९७० च्या दशकात स्टीव्ह कोल्स आणि पॉल जोकिएल यांनी त्या तोंडाजवळचे प्रवाळ तपासले आणि प्रयोगशाळेतही पाणी तापवून पाहिले. निष्कर्ष धक्कादायक होता. प्रवाळ त्यांच्या सोसण्याच्या मर्यादेच्या अगदी कडेला जगतात. नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा फक्त एक-दोन अंश सेल्सिअस जास्त तापमान काही आठवडे टिकले की शैवाल निघून जाते. आणि ही मर्यादा सगळीकडे एक नाही. ज्या समुद्रात नेहमीच जास्त ऊब आहे तिथले प्रवाळ जास्त सोसतात. म्हणजे आकडा '३१ अंश' असा सार्वत्रिक नसून 'इथल्या नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा किती वर' असा आहे.

तुलनेसाठी, आपल्या पर्यावरण नियमांनुसार किनाऱ्यावरच्या नव्या वीजकेंद्रांना सोडलेल्या पाण्यामुळे ज्या जलाशयात ते जाते त्याच्या तापमानात ७ अंशांपर्यंत वाढ चालते. कंडेन्सरच्या गणितात ७ अंश म्हणजे काहीच नाही. प्रवाळाच्या गणितात तो मृत्यू आहे. एकाच समुद्राचे हे दोन हिशेब वेगवेगळ्या कागदांवर मांडले जातात, एवढे इथे नोंदवून पुढे जाऊ.

उन्हाचे काय?

प्रवाळाचे पॉलिप जवळजवळ पारदर्शक असतात. खाली कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा सांगाडा असतो. तपकिरी रंग बहुतांशी शैवालाचा, म्हणून शैवाल गेले की सांगाडा आतून दिसू लागतो आणि प्रवाळ पांढरे पडते. पांढरे प्रवाळ मेलेले नसते. उपासमारीत ते काही आठवडे तग धरते, पाणी निवले तर उरलेल्या शैवालातून पुन्हा वाढ होऊ शकते. निवले नाही तर मरते आणि मग त्या सांगाड्यावर दुसरेच गवती शैवाल चढते.

शैवाल का जाते, याचे उत्तर १९९० च्या दशकात हरितलवकाच्या आत सापडले. प्रकाशसंश्लेषणात दोन टप्पे असतात. पहिल्यात प्रकाश पकडून इलेक्ट्रॉन मोकळे होतात. दुसऱ्यात ते वापरून कार्बन डायऑक्साइडची साखर होते. पाणी तापले की हा दुसरा टप्पा मंदावतो. शिवाय पहिल्या टप्प्यातल्या यंत्रणेत, फोटोसिस्टिम-२ मध्ये, डी-१ नावाचे प्रथिन असते. ते उजेडात सतत मोडते आणि सतत दुरुस्त होते. उष्णतेत त्या दुरुस्तीचा वेग कमी पडतो. आधी कोणता टप्पा कोसळतो यावर तेव्हा मोठा वाद झाला. १९९८ मध्ये जोन्स, होख-गुल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या टप्प्याकडे बोट दाखवले, १९९९ मध्ये वॉर्नर, फिट आणि श्मिट यांनी फोटोसिस्टिम-२ कडे. परिणाम मात्र दोन्हींत एकच. प्रकाश येतच राहतो आणि त्याची ऊर्जा घ्यायला कोणी नाही.

छतावरच्या सौर पॅनेलचा इन्व्हर्टर बंद पडला तर पॅनेल थोडे तापते, बाकी काही होत नाही. शैवालाला असे नुसते पडून राहता येत नाही. ज्यांना वाट मिळाली नाही ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे जाळणारे पदार्थ तयार होतात. ते शैवालाच्या पेशी पोखरतात, प्रवाळाच्या ऊतींपर्यंत पोचतात, आणि मग प्रवाळ शैवालाला बाहेर काढते किंवा पचवून टाकते. म्हणूनच विरंजन झालेल्या वसाहतीचा माथा आधी पांढरा पडतो आणि सावलीतली खालची बाजू तपकिरीच राहते. १९९८ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियातल्या सोसायटी बेटांवर पाणी तापले होते, तरी तिथले प्रवाळ बरेचसे वाचले, कारण त्या काळात आकाश ढगाळ होते, असा निष्कर्ष मंबी आणि सहकाऱ्यांनी काढला.

हे वाचून कोणी म्हणेल की मग सगळा दोष उन्हाचा. तसेही नाही. २०१३ साली काही संशोधकांनी पूर्ण अंधारात ठेवलेल्या प्रवाळांचे पाणी तापवले, आणि शैवाल तरीही बाहेर पडले. म्हणजे उष्णतेचा स्वतःचाही मार्ग आहे. समुद्रात हे दोन मार्ग एकत्र चालतात. निसर्गातली यंत्रणा एकाच कारणाने बिघडावी हा आग्रह आपण अभियंतेच जास्त धरतो.

आठवड्यांचा हिशेब

१९८२-८३ च्या एल निनोत पूर्व प्रशांत महासागरात पनामापासून गॅलापागोसपर्यंत प्रवाळ पांढरे पडून मेले आणि पीटर ग्लिन यांनी त्याचा संबंध तापलेल्या पाण्याशी जोडला. १९९८ मध्ये हेच जगभर झाले. भारतातल्या तीन ठिकाणांची पाहणी रोहन आर्थर यांनी 'करंट सायन्स'मध्ये २००० साली प्रसिद्ध केली. लक्षद्वीपच्या खाजणांत जिवंत प्रवाळाचा ८२ टक्के भाग पांढरा पडला होता, मन्नारच्या आखातात ८९ टक्के, कच्छच्या आखातात मात्र फक्त ११ टक्के. त्यानंतर २०१०, २०१४ ते २०१७, आणि एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेली चौथी जागतिक लाट. त्या उन्हाळ्यात लक्षद्वीप पुन्हा पांढरे पडले. तिथल्या बेटांवर १९९८ पासून चाललेल्या दीर्घ पाहणीत २४ वर्षांत जिवंत प्रवाळाचे आच्छादन सुमारे निम्म्यावर आलेले दिसले.

कोल्स आणि जोकिएल यांच्या एक-दोन अंशांवरून अमेरिकेच्या नोआ संस्थेने उपग्रहावरून चालणारे एक माप बनवले, त्याला 'डिग्री हीटिंग वीक' म्हणजे अंश-आठवडे म्हणतात. रीत सोपी आहे. त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याचे दीर्घकालीन सरासरी तापमान घ्या. गेल्या बारा आठवड्यांत त्याच्यापेक्षा किमान १ अंश वर गेलेले आठवडेच मोजा आणि त्यांचा फरक मिळवत जा. समजा सरासरी ३० अंश आहे आणि सहा आठवड्यांची तापमाने ३०.८, ३१, ३१.५, ३२, ३१.५ आणि ३१.२ अशी आहेत. पहिला आठवडा धरायचा नाही. उरलेले १ + १.५ + २ + १.५ + १.२ म्हणजे ७.२ अंश-आठवडे. ४ च्या वर लक्षणीय विरंजन आणि ८ च्या वर मोठी मरतूक अपेक्षित असते. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस संस्थाही उपग्रहांच्या तापमानावरून असे इशारे देते.

माप उपयोगी आहे, पण त्यात ऊन नाही. ढग किती, पाणी किती गढूळ, वसाहत किती खोल, याची त्याला कल्पना नसते. कच्छचे ११ टक्के समजून घ्यायला तेच लागते. तिथले पाणी गढूळ, भरती-ओहोटी प्रचंड. आपल्या कोकण किनाऱ्यावरही पाणी बहुधा असेच. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग करणारे पर्यटक आज जे प्रवाळ पाहतात, ते मातकट पाण्यात वाढलेले आहेत. गढूळपणा ही त्यांची सावली आहे असे मानायला जागा आहे. पण गाळ जास्त झाला तर तोच त्यांना गाडतो, तेव्हा या सावलीचे कौतुक बेतानेच करावे.

वसाहत हलवताना

२००१ पासून खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्यापुरते वाघाच्या रांगेत. म्हणूनच २०२० साली मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अली इथल्या १८ वसाहती हलवायलाही वनखात्याची परवानगी लागली. काम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीत झाले. १८ वसाहतींची काळजी एकेक करून घेता येते. १६,१५० वसाहतींचे तसे होईल का, याबद्दल मला शंका आहे, आणि ती थायलंडमधल्या एका प्रयोगामुळे अधिक वाढते.

फुकेत बेट ग्रेट निकोबारच्या जवळपास समोर, त्याच सुमाराच्या अक्षांशावर, अंदमान समुद्राच्या पलीकडच्या काठावर आहे. तिथे उथळ पाण्यात गोल दगडासारख्या वाढणाऱ्या एका प्रवाळाची पश्चिम बाजू ओहोटीच्या ठरावीक दिवसांत कडक उन्हाला सामोरी जाते. बार्बरा ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले की पाणी तापले तेव्हा उन्हाची सवय असलेली ती पश्चिम बाजू तपकिरी राहिली आणि पूर्व बाजू पांढरी पडली. २००० साली त्यांनी काही वसाहती १८० अंशांत फिरवून पक्क्या बसवल्या. आता जुनी पश्चिम बाजू पूर्वेकडे होती आणि तिला पूर्वीचे ऊन मिळत नव्हते. २०१० साली अंदमान समुद्र तापला. आपल्या अंदमान बेटांवरही त्या वर्षी मोठे विरंजन झाले. फुकेतच्या त्या फिरवलेल्या वसाहतींत, दहा वर्षे पूर्वेकडे तोंड करून बसलेल्या जुन्या पश्चिम बाजूनेच शैवाल जास्त धरून ठेवले होते.

म्हणजे प्रवाळाच्या एकाच वसाहतीच्या दोन बाजूंचा उष्णता सोसण्याचा इतिहास वेगळा असतो आणि तो दहा वर्षे टिकू शकतो. हलवण्याच्या नोंदवहीत सहसा जात, आकार आणि जुन्या-नव्या जागेचे अक्षांश-रेखांश येतात. माझ्या मते निदान चार रकाने आणखी हवेत : मूळ खोली, तिथे दुपारी पोचणारा प्रकाश, जागेवरच मोजलेले उन्हाळ्यातले कमाल तापमान, आणि वसाहतीची कोणती बाजू पश्चिमेला होती.